आम्ही शेक्सपिअर पाहिला

लेखकाच्या थडग्याला जाऊन यावं, ही मराठी माणसाची रीत नाही. साहित्याबद्दल अनास्था आहे म्हणून नव्हे, सोयच नाही म्हणून. आपला लेखक जातो तेव्हा स्मशानात चारदोन भाषणं होतात, संध्याकाळपर्यंत राख होते आणि तिसऱ्या दिवशी तो नदीला मिळतो. मागे राहतं ते एका चौकाचं नाव, आणि तो पुण्याचा असला तर घराच्या भिंतीवर एक निळी पाटी. चौकात थांबून नतमस्तक व्हावं म्हटलं तर पीएमपीची बस अंगावर येते.

संतांचं निराळं. ज्ञानेश्वर आळंदीला आहेत, एकनाथ पैठणला, रामदास सज्जनगडावर. पण तिथे आपण लेखकाला भेटायला जात नाही. आळंदीच्या दर्शनबारीत तास न् तास ताटकळलेल्या माणसाला, 'अठराव्यापेक्षा सहावा अध्याय जास्त उतरलाय, नाही?' असं विचारून पाहा. तुकोबांनी तर देहच मागे न ठेवून हा प्रश्न मुळातूनच निकालात काढला.

तेव्हा ही हौस भागवायची ती परमुलखातच. आणि तिथे मराठी माणसाच्या तावडीत पहिला सापडतो तो शेक्सपिअर. एक तर तो आपल्याला परका वाटत नाही. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, देवलांनी ऑथेल्लोला 'झुंझारराव' केलं, शिरवाडकरांनी मॅक्बेथला 'राजमुकुट' चढवला, विंदांनी 'राजा लिअर' आणला. इतक्यांदा पानावर बसलेल्या पाहुण्याला घरचाच म्हणायचं. दुसरं कारण बर्मिंगहॅम. तिथे कुणाचा ना कुणाचा मुलगा नोकरीला असतोच. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडलांना शनिवारी कुठे न्यावं, हा त्या मुलापुढचा सर्वांत बिकट प्रश्न असतो. स्ट्रॅटफर्ड गाडीने तासाभरावर. वडील म्हणतात 'शेक्सपिअर', आई म्हणते 'चला', आणि सून डब्यात पराठे भरते.

याचा परिणाम असा की आमच्या नात्यागोत्यात आता शेक्सपिअर पाहून आलेली माणसं पुष्कळ झाली आहेत. गौरीच्या जेवणाला ती एकत्र आली की पुरणपोळी उतरेपर्यंत आठवणींची तुलना चालते. ती ऐकून एखाद्या नवख्याला वाटावं, की इंग्रजांनी शेक्सपिअर निदान चार जागी पुरला आहे.

आत्याच्या मते तो घराच्या परसात आहे. ती गेली होती बसच्या सहलीबरोबर. या सहलींचा नेम असा, की हेन्ली स्ट्रीटवरच्या जन्मघरापाशी बस रिकामी करायची, दीड तासाने भरायची आणि पुढच्या गावाला लागायचं. थडगं गावाच्या दुसऱ्या टोकाला, एव्हन नदीच्या काठच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये आहे. पायी पंधरावीस मिनिटं. सहलीच्या कागदावर ती वीस मिनिटं नव्हती. पण 'शेक्सपिअर बघितला का?' या प्रश्नाला 'अर्धा बघितला' असं उत्तर देणारी आत्या नव्हे. ठेंगणं छप्पर, वडलांचा हातमोजे शिवायचा धंदा, चुलखंड, सगळं तिला नीट आठवतं. आणि मागच्या बागेत त्याची समाधी.

"अगं, पण त्या बागेत काही नाहीये," असं कुणी म्हटलं की ती चिडते. "नाहीये कसं? अर्धपुतळा आहे. लांब पांढरी दाढी, शांत चेहरा. मी नमस्कार केला. मला तर बघताक्षणी ओळखीचा वाटला."

ओळखीचा वाटणारच. त्या बागेत रवींद्रनाथ टागोरांचा पुतळा आहे.

हे तिला सांगायचं कुणी, यावर अजून घरात एकमत झालेलं नाही. शिवाय आत्याचा नमस्कार काही फुकट गेलेला नाही. टागोरांचीही राखच झाली. त्यांनाही थडगं नाही. स्ट्रॅटफर्डला येऊन एका साहित्यिकाला हात जोडायचे आणि तो बंगाली निघावा, यात तिचं नुकसान झालं असं मला तरी वाटत नाही.

मेव्हणा म्हणतो, तो लंडनला आहे. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत, कवींच्या कोपऱ्यात, कोपर पुस्तकांच्या चळतीवर टेकून ऐटीत उभा. पुतळा खराच तिथे आहे, १७४१पासून. पण खाली कोणी नाही. शेक्सपिअर गेला १६१६मध्ये, म्हणजे राजधानीला त्याची आठवण काढायला सव्वाशे वर्षं लागली. महाराष्ट्रात स्मारक समित्यांवर बसलेल्या सर्वांनी हा आकडा लिहून ठेवावा.

उरले काका आणि आमच्या शेजारचे निवृत्त प्राध्यापक. हे दोघे खऱ्या चर्चमध्ये खरोखर गेले होते. एकाच चर्चमध्ये, एकाच वेदीसमोर. त्यामुळे सर्वांत कडाक्याचं भांडण त्यांचंच होतं.

काकांची आठवण पैशांपासून सुरू होते. चर्चमध्ये शिरायला कुणी अडवत नाही. पण थडग्यापर्यंत आत जायचं तर पैसे मोजावे लागतात. काकांनी तिथल्या तिथे पौंडांचे रुपये केले आणि त्या रुपयांत नाट्यगृहाची किती तिकिटं येतील तेही काढलं. दुसरी आठवण अक्षरांची. "दगडावर नाव होतं. या डोळ्यांनी वाचलं. जुनं वळण होतं अक्षरांचं, सगळं लागलं नाही, पण नाव होतं."

"नाव नाहीये," प्राध्यापक म्हणतात. "काका, जगात कुणालाही विचारा. त्या दगडावर नाव नाहीये."

वस्तुस्थितीच्या बाजूने प्राध्यापक आहेत. शेक्सपिअरच्या दगडावर त्याचं नाव नाही, तारीख नाही, तो नाटकं लिहायचा याचा उल्लेख नाही. आहेत त्या फक्त चार ओळी, आणि त्यांत हाडं हलवणाऱ्याला शाप दिला आहे. त्याला कारणही होतं. चर्चच्या आत पुरायला जागा थोडी. नवा आला की जुना उकरून शेजारच्या अस्थिघरात टाकायची पद्धत होती. वेदीजवळची ती मानाची जागाही त्याला 'हॅम्लेट' लिहिल्याबद्दल मिळालेली नाही. १६०५ साली त्याने ४४० पौंड मोजून आसपासच्या गावांच्या दशांश-वसुलीचा हिस्सा विकत घेतला होता, आणि त्या हक्कात वेदीजवळ पुरून घेण्याचा मान धरलेला होता. म्हणजे नाटककार म्हणून नव्हे, वतनदार म्हणून तो आत आहे. नाटककार म्हणून असता तर बाहेर पावसात असता. हे ऐकल्यापासून काकांचा त्याच्याबद्दलचा आदर एकदम वाढला.

मात्र वस्तुस्थिती सोडली तर प्राध्यापकांच्या आठवणीही तपासून घ्याव्या लागतात. त्या दगडासमोर उभं राहिल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे म्हणे गणपतराव जोशींचा हॅम्लेट उभा राहिला. गणपतराव गेले १९२२ साली आणि सर जन्मले त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्यांनी वडलांकडून ऐकलं, वडलांनी आजोबांकडून. तीन पिढ्यांनी एका नटाची नक्कल करत आणलेली आठवण सरांना इंग्लंडातल्या दगडासमोर स्वतःची म्हणून आठवली. प्रत्यक्ष दगड कसा होता, विचाराल, तर ते म्हणतात, "दगड काय, दगडासारखा." वहिनींना विचाराल तर त्या चर्चमध्ये आल्याच होत्या, पण त्यांना बाहेरचे राजहंस आठवतात, आणि स्वच्छतागृह कुठे होतं ते. पुढच्या प्रवाशांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी माहिती तीच.

मला पूर्वी वाटायचं, हा आपल्या लोकांचा गोंधळ आहे. पण थोडी जुनी वर्णनं चाळली आणि घरच्यांबद्दलचा अभिमान वाढला. स्ट्रॅटफर्डहून आजवर कोण सरळ आठवण घेऊन आलंय?

१७८६ साली जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन दोघे मिळून तिथे गेले होते. पुढे दोघेही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. असे दोन विद्वान एका दिवशी एकच गाव पाहतात, म्हटल्यावर केवढी अपेक्षा! अ‍ॅडम्सने रोजनिशीत लिहून ठेवलं, की घर अगदीच लहान आणि कळाहीन आहे, त्या थोर पुरुषाचं जाणून घ्यावं असं इथे काहीच जपलेलं नाही. पण चुलीजवळच्या कोपऱ्यात त्याची बसायची लाकडी खुर्ची होती, तिची एक ढलपी मात्र आम्ही रिवाजाप्रमाणे कापून घेतली. जेफरसनच्या हिशेबवहीत त्याच दिवसाची नोंद आहे: जन्मघर पाहण्यास एक शिलिंग, थडगं पाहण्यास एक शिलिंग, मग खाणं, मग नोकरांना बक्षिशी. झालं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या लेखणीतून शेक्सपिअरच्या थडग्याबद्दल निघालं ते एवढंच. काकांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "हा माणूस व्यवस्थित दिसतो."

त्या खुर्चीचंही ऐका. तीसेक वर्षांनी वॉशिंग्टन अर्विंग हा लेखक तिथे गेला, तोवर येणाऱ्याजाणाऱ्यांनी बसून बसून तिची बैठक इतकी झिजवली होती, की दर तीन वर्षांनी ती नव्याने ठोकावी लागे. मधल्या काळात ती उत्तरेकडच्या एका राजकन्येला विकलीही गेली होती. तरीही अर्विंग पोचला तेव्हा ती चुलीजवळ जागेवर हजर! त्याने हे सगळं गालातल्या गालात हसत लिहून ठेवलं आहे.

थडग्याच्या आत डोकावलेला माणूसही त्याला भेटला. चर्चच्या म्हाताऱ्या राखणदाराने सांगितलं, की मागे शेजारी खोदताना माती ढासळली आणि शेक्सपिअरच्या बाजूला एक भोक पडलं. कुणी हात घालू नये म्हणून हा दोन दिवस पहारा देत बसला, आणि अर्थातच त्याने स्वतः डोकावून पाहिलं. पेटी नाही, हाडं नाहीत, नुसती धूळ. अर्विंगला तेवढ्यानेही भरून आलं. धूळ का असेना, शेक्सपिअरची.

पण या सगळ्यांवर कडी केली ती एका तुतीच्या झाडाने. निवृत्त होऊन गावी परतलेल्या शेक्सपिअरने आपल्या घरात, 'न्यू प्लेस'मध्ये, स्वतःच्या हाताने तुती लावली होती म्हणतात. पुढे ते घर गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्याकडे गेलं. रोज कुणीतरी फाटकाशी येऊन 'झाड दाखवता का?' विचारी. याने १७५६ साली झाडच तोडलं. गावकऱ्यांनी त्याच्या खिडक्या फोडल्या. मग करावरून भांडण लागलं, तेव्हा १७५९मध्ये याने घरही पाडून टाकलं. या पाद्र्याला इंग्रजी साहित्याचा इतिहास खलनायक म्हणतो. मला त्याच्याबद्दल थोडी सहानुभूती आहे. माझं घर देवळाच्या वाटेवर आहे.

तर ते लाकूड शार्प नावाच्या घड्याळजीने घेतलं आणि त्याच्या डब्या, पेले, पेट्या, अडकित्ते करून विकायला सुरुवात केली. विकत राहिला तो राहिलाच. वर्षं लोटली, माल संपेना. लोक कुजबुजू लागले, की एका तुतीत एवढं लाकूड मावेल कसं? शेवटी १७९९ साली मरणाच्या दारात असताना त्याने शपथेवर लिहून दिलं, की आपण विकलेली चीज न् चीज त्याच झाडाची. आमच्या गौरीच्या पंगतीला या माणसाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. प्रत्येकाने दीडदोन तासच आणले होते, आणि वर्षानुवर्षं कोरीवकाम चालू आहे.

सरकारी थाटाचा समारंभही त्या गावाने करून पाहिला. नट डेव्हिड गॅरिकने १७६९मध्ये तीन दिवसांचा शेक्सपिअर महोत्सव भरवला. जन्माला दोनशे वर्षं १७६४लाच झाली होती. पण पाच वर्षांचा उशीर म्हणजे साहित्यव्यवहारात वेळेवरच. मुसळधार पाऊस लागला, नदी मंडपात आली, मिरवणूक रद्द झाली. आणि शेक्सपिअरचा जयघोष करणाऱ्या त्या महोत्सवात शेक्सपिअरचं एकही नाटक झालं नाही. ही बातमी वाचून आपल्याकडच्या संमेलनांचे कार्याध्यक्ष सद्गदित होतील.

आता चेहऱ्याचं. थडग्याच्या वर भिंतीत त्याचा अर्धपुतळा आहे, हातात लेखणी. पुतळा दगडाचा, पीस मात्र खरं; ते वेळोवेळी बदलतात. हा पुतळा १६२३च्या आधीच बसला, म्हणजे घरच्यांनी पाहिला असणार आणि चालवून घेतला असणार. गुबगुबीत गाल, टक्कल, पोट भरल्याचं समाधान. ज्यांना हॅम्लेटच्या जनकाच्या चेहऱ्यावर व्यथा हवी असते त्यांचा इथे विरस होतो. डोव्हर विल्सन या नामांकित अभ्यासकाला तर त्यात स्वतःवर खूश असलेला खाटीक दिसला. त्याआधी १७९३मध्ये एडमंड मलोन या दुसऱ्या अभ्यासकाला रंगीत पुतळा ग्राम्य वाटला, म्हणून त्याने पाद्र्याला गाठून तो पांढराफटक करवून घेतला. १८६१मध्ये पुन्हा रंगवला. मला वाटायचं, जुन्या मूर्तीला हौसेने ऑइलपेंट फासणारे विश्वस्त आपल्याकडेच होतात.

काहींना तर चेहराच नको होता. डेलिया बेकन या अमेरिकन बाईंची खात्री होती, की ही नाटकं शेक्सपिअरची नव्हेतच, फ्रान्सिस बेकन आणि त्याच्या मंडळींची आहेत, आणि पुरावा या दगडाखाली आहे. १८५६ साली त्या कंदील घेऊन रात्री त्या चर्चमध्ये बसल्या. शापाच्या चार ओळींसमोर, अंधारात, एकट्या. दगड उचलला नाही. मला या बाईंबद्दल मनापासून आदर वाटतो. ज्याच्यावर आपला विश्वासच नाही त्याच्या शापाचा मान राखायला मोठा सभ्यपणा लागतो.

शास्त्रज्ञांनीही दगड उचलला नाही. त्यांनी वरून रडार फिरवलं. चारशेव्या पुण्यतिथीच्या वर्षी, २०१६ला, निष्कर्ष आले: थडगं मीटरभरही खोल नाही, पेटीचा मागमूस नाही, आणि डोक्याकडची बाजू कधीतरी उकरून पुन्हा बुजवलेली दिसते. १७९४ साली शेक्सपिअरची कवटी चोरीला गेल्याची एक गोष्ट १८७९मध्ये एका मासिकात आली होती. रडार फिरेपर्यंत सगळे तिला थाप म्हणत. चर्चच्या पाद्र्यांना हे पटलं नाही आणि खोदायला परवानगी नाही म्हणून त्यांनी विषय संपवला. ज्याच्या नाटकात राजपुत्र कवटी हातात घेऊन उभा राहतो, त्याचीच कवटी जागेवर आहे की नाही हा वाद चालू राहावा, हे लिहायला त्याला स्वतःलाही धीर झाला नसता. आमच्या पंगतीत मात्र या बातमीने खळबळ माजली. "म्हणजे धडाचे पैसे घेतले?" काकांनी विचारलं.

यंदा तो नावाचा वाद एकदाचा मिटला. काकांच्या नातवाने जुना फोन चार्ज करून फोटो शोधून काढला. वेदीसमोर काका, हात जोडलेले, खांद्याला पराठ्यांची पिशवी. समोर दगड. त्यावर खरोखरच नाव. काकांनी विजयी मुद्रेने फोन पंगतीत फिरवला.

प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहिला. त्या वेदीसमोर एक दगड नाही, रांग आहे. शेक्सपिअरच्या एका बाजूला बायको अ‍ॅन. दुसऱ्या बाजूला थॉमस नॅश, मग जावई जॉन हॉल, मग थोरली मुलगी सुझाना. बाकीच्यांची नावं दगडांवर आहेत. नाही ते फक्त त्याचं. आणि काका उभे होते ते थॉमस नॅशसमोर.

"हा कोण?" आत्याने विचारलं.

"नातजावई," प्राध्यापक म्हणाले. "सुझानाच्या मुलीचा नवरा."

"काय लिहायचा?"

"वकील होता. काही लिहायचा नाही."

पंगत क्षणभर थांबली. काकांनी फोन परत घेतला, फोटोकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि आत्याला म्हणाले, "असू दे. जावयाचा मान पहिला. तू वाढ."